राईलकरांच्या भिंतीला समुद्र लागतो

दत्तात्रेय राईलकरांच्या घराला तडा गेल्याचं कळलं तेव्हा मार्तंडराव मोघ्यांना बरं वाटलं. खरं तर वाईट वाटायला हवं होतं. सख्खा शेजार, एका बाकावर बसून म्हटलेले पाढे, मोघ्यांची नारळ-सुपारीची वाडी जिथे संपते तिथेच राईलकरांच्या घराची मागची भिंत. पण मनाला कोण समजावणार? त्या दिवशी मार्तंडरावांनी एक पोळी जास्त खाल्ली आणि दुर्गाबाईंना म्हणाले, "मी तेव्हाच म्हटलं होतं, पाया उथळ घेतलाय म्हणून."

तेव्हा कुणाला म्हटलं होतं, हे दुर्गाबाईंनी विचारलं नाही. दोघा शेजाऱ्यांचं बोलणंच नव्हतं, तर म्हणणार कुणाला? नागावात पर्यटकांची राहण्याजेवण्याची सोय करायचं दोघांच्याही मनात होतं. पाटी दत्तात्रेयांची आधी लागली. मार्तंडरावांची 'सागरछाया' थोडी मागाहून लागली, आणि तेवढं मागे पडणं त्यांना आजवर पचलेलं नाही. तेव्हापासून जे काय बोलायचं ते मनुबाईच्या तोंडून. मनुबाई दोन्ही वाड्यांत कामाला असल्यामुळे सोय होती. "मनुबाई, त्यांना सांग, तुमची झावळी आमच्या पत्र्यावर पडलीय." हे वाक्य दत्तात्रेय दहा पावलांवर उभे असताना म्हटलं जायचं, आणि मनुबाई ती दहा पावलं चालून जाऊन इमानदारीने सांगायची.

मार्तंडरावांचं बरं वाटणं फार टिकलं नाही. पुण्याच्या कुठल्याशा प्रयोगशाळेला भिंतीवर कुठून दाब येतो ते मोजायला तडा गेलेलंच घर हवं होतं. समुद्राजवळचं, जुनं, पण माणसं राहतायत असं. गावात चौकशी करता करता त्यांना दत्तात्रेय सापडले. एके सकाळी राईलकरांच्या दारात पांढरी गाडी उभी राहिली, तिच्यातून भार्गवी नावाची एक चटपटीत मुलगी उतरली, वायरींची भेंडोळी उतरली, खोकी उतरली, आणि संध्याकाळपर्यंत दत्तात्रेयांच्या तड्याची कीर्ती थळपासून रेवदंड्यापर्यंत गेली.

"तड्याचं काय एवढं कौतुक?" मार्तंडराव म्हणाले.

"तुम्ही जाऊन बघा तरी," दुर्गाबाई म्हणाल्या. त्या दोनदा जाऊन आल्या होत्या. "अहो, कागदासारखी पातळ पट्टी असते. दाबली की तिच्यातून बारीकशी वीज निघते. गॅसचा लायटर खट्कन दाबल्यावर ठिणगी पडते ना, त्यातलाच प्रकार म्हणे. आणि नुसतं दाबलं एवढंच नाही, कुठल्या बाजूने दाबलं तेही कळतं तिला. पडद्यावर बाण उमटतो. ती मुलगी हीच पट्टी यंत्राच्या बोटांना लावते. मी त्या यंत्राच्या हातात चिकू दिला आणि जरासा डावीकडे ओढला. तर त्याने बरोबर डावीकडून आवळून धरला. तुम्हाला इतक्या वर्षांत कळलं नाही मी कुठून ओढतेय ते."

मार्तंडरावांनी हा टोमणा ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं. मी काही बघायला जाणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. सगळं गाव गेलं. ठमी मासेवाली पाटी डोक्यावर घेऊन गेली आणि पट्टीला बोट लावून आली. फक्त मार्तंडराव गेले नाहीत. त्यामुळे त्या पट्ट्या राईलकरांच्या नेमक्या कोणत्या भिंतीला लावल्यात, हे सबंध नागावात एकट्या त्यांनाच ठाऊक नव्हतं. हट्टाने माणूस अडाणी राहतो तो असा.

गेले नाहीत, पण घरी बसून जळत राहिले. आपल्या घराला तडा का नाही, हा विचार त्यांना छळू लागला. बँकेतल्या नोकरीची सगळी पुंजी ओतून त्यांनी घर असं भक्कम बांधलं होतं की खिळा मारायचा तर ड्रिल लागायचं. आजवर ते याच गोष्टीची फुशारकी मारत आले. आता तेच भक्कम घर त्यांच्या मुळावर आलं. एका दुपारी ते बॅटरी घेऊन पलंगाखाली शिरले आणि भिंतीच्या कोपऱ्यात एक रेघ सापडल्याच्या आनंदात दुर्गाबाईंना हाका मारू लागले. दुर्गाबाईंनी ओला फडका फिरवला आणि रेघ पुसली गेली. मुंग्यांची वाट होती.

शारिक म्हणून एक एसी दुरुस्तीवाला मुलगा त्यांच्याकडे यायचा. कतारला आठ वर्षं काढून आलेला, त्यामुळे प्रत्येक विषयात त्याचं मत असायचं. तो म्हणाला, "चाचा, तडा पाहिजे तर एक सांगू? पाण्याची टाकी गच्चीच्या एका कोपऱ्यात सरकवा. दोन पावसाळ्यांत इन्शाल्ला येईल."

"दोन पावसाळे?" मार्तंडरावांचा चेहरा पडला.

"मग चाचा, दुसऱ्याच्या तड्यावर खूश राहायला शिका. सुकून त्यातच आहे."

ते असो. मधेच मार्तंडरावांच्या खांद्याबद्दल सांगायला हवं. त्यांचा उजवा खांदा आखडला होता. अलिबागच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रोज भिंतीला दोन्ही तळहात लावायचे आणि सावकाश रेटायचं, सोडायचं, रेटायचं, सोडायचं. सोपा व्यायाम. अडचण एवढीच की 'सागरछाया'ला नुकताच मोतिया रंग दिला होता, आणि त्यावर हाताचे ठसे उमटले तर खांद्याबरोबर मानही आखडेल अशी व्यवस्था करीन, असं दुर्गाबाईंनी बजावून ठेवलं होतं. नारळाच्या खोडाला हात लावून बघितले तर तळवे सोलवटले. शेवटी वाडीच्या टोकाला, केळीच्या आडोशाला एक भिंत सापडली. उन्हात तापणारी, खडबडीत, कुणाचं लक्ष नसलेली. ती राईलकरांची मागची भिंत होती. शत्रूच्या भिंतीला रेटताना खांद्याला जरा जास्तच आराम पडतो, हा अनुभव त्यांनी डॉक्टरीणबाईंना सांगितला नाही.

रेटून झालं की ते तसेच किनाऱ्यावर फिरायला जात. आता किनाऱ्यावर फिरायचं तर ओहोटीला. भरतीला पायाखाली भुसभुशीत वाळू, ओहोटीला कशी घट्ट, सारवलेल्या अंगणासारखी. आणि ओहोटी काही घड्याळ बघून येत नाही, ती तिथी बघून येते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते आणि तिच्यात सहा तास मिळवले की ओहोटीची. हे गणित मार्तंडराव आंघोळ करता करता सोडवत. त्यामुळे त्यांची फिरायची वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकायची. अष्टमीला ते भर दुपारी छत्री घेऊन वाळूत चालताना दिसत आणि पुण्यामुंबईचे पर्यटक त्यांचे फोटो काढत. पौर्णिमा-अमावास्येला सकाळ-संध्याकाळ दोन्ही ओहोट्या उजेडात सापडायच्या, म्हणून त्या दिवशी दोन फेऱ्या. संकष्टीला उपास, म्हणून सुट्टी. आणि प्रत्येक फेरीआधी भिंत.

तर असं सगळं सुरळीत चालू असताना एके दिवशी मनुबाई धावत आली.

"बाय, ऐकलंव का? दत्तूभाऊंच्या भितीला समुद्र लागतोय!"

"समुद्र? त्यांच्या भिंतीला?" मार्तंडराव ओरडले. "आधी माझं घर लागतं, मग माझी वाडी लागते, मग त्याची भिंत! मला ओलांडून समुद्र त्याच्याकडे कसा जाईल?"

"ता मना न्हाय म्हाईत. पर यंत्रात आलाय. जमिनीखालना धकलतोय म्हनं. त्या बाय सांगतान, पच्चिमेकडना रोज दाब येतोय, लाटा येतान ना तसा. येतोय, जातोय, येतोय, जातोय."

मार्तंडरावांना ते ऐकवेना. जन्मभर समुद्राकाठी राहिले ते, समुद्राला नारळ वाहिले त्यांनी, घराला नाव दिलं सागरछाया, आणि समुद्राने जाऊन हात कुणाला लावावा? दत्त्याला! ज्याला लहानपणी गुडघाभर पाण्यातसुद्धा रडू यायचं! त्या दिवशी त्यांनी केळीच्या आडोशाला जाऊन भिंत अशी काही रेटली की दोन पोपडे खाली पडले.

पुढचे दिवस कठीण गेले. राईलकरांकडच्या खोल्या आधीच भरू लागल्या. लोक रात्र राहायचे, ओहोटीची वेळ विचारायचे आणि माजघरात पडद्यावर बाण उमटताना बघून टाळ्या वाजवायचे. 'सागरछाया'त त्या काळात फक्त एक जोडपं उतरलं, आणि तेही 'समुद्र लागणारी भिंत कुठे आहे?' असं विचारून सबंध दिवस तिकडेच होतं. जेवायला मात्र इकडे आलं.

त्यात सरकार जागं झालं. एका खात्याचे साहेब मोजमापाची टेप आणि शिपाई घेऊन दारात उभे राहिले. 'सागरछाया'च्या परवानगीचं नूतनीकरण त्यांच्याच टेबलावर पडून होतं.

"मोघे, तुमची केस अवघड झालीय," साहेब खुर्चीत टेकत म्हणाले. "भरतीरेषेपासून अमुक अंतराच्या आत पर्यटकांची सोय चालत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच."

"मी सगळं नियमात बांधलंय साहेब. समुद्र केवढा लांब आहे."

"होता. आता राईलकरांच्या घरापर्यंत समुद्राचा दाब पोचल्याचं शास्त्रज्ञ सांगतायत. पेपरात आलंय. तुमचं घर राईलकरांच्या पश्चिमेला. म्हणजे कागदोपत्री बघायला गेलं तर," साहेबांनी चहाचा घोट घेतला, "तुमचं घर समुद्रात आहे."

मार्तंडरावांनी खाली फरशीकडे बघितलं. ती कोरडी होती.

"साहेब, आपण आत्ता चहा पिताय तो समुद्रात बसून का?"

"थट्टा नको. मी मानतो, तुम्ही मानता, पण फाईल मानायला नको का? त्यांचा अंतिम अहवाल येऊ दे. समुद्रच निघाला तर परवानगी रद्द. तोवर पाटी झाकून ठेवा. राईलकरांचं विचारू नका, ते प्रयोगात मोडतात."

साहेब गेले. शिपायाने जाता जाता 'सागरछाया'च्या पाटीवर गोणपाट बांधलं. दत्तात्रेयांच्या पाटीला त्याच दिवशी नवे दिवे लागले. ते सगळं ओट्यावरून दिसत होतं. मार्तंडरावांनी जेवणाचं ताट परत केलं, म्हणून दुर्गाबाईंनी त्यांना ओवा दिला. मत्सरावर ओवा चालत नाही, पण दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः भार्गवीच आली. हातात टॅब, पायात बूट, चेहऱ्यावर आदर. "काका, तिथीवरून भरती-ओहोटी सांगणारे गावात तुम्हीच आहात असं सगळे म्हणतात. माझी नोंद एकदा तपासून द्याल?"

मार्तंडरावांची मान इतक्या दिवसांत पहिल्यांदा ताठ झाली. दत्तात्रेयांकडे तडा असेल, पण ज्ञान कुणाकडे? ते सावरून बसले. भार्गवी तारीख सांगायची, ते तिथी सांगायचे, गणित करून ओहोटी सांगायचे, आणि ती टॅबवर बघून म्हणायची, "अगदी बरोबर! त्याच्या थोडंसंच आधी बाण येतो." असं पाच-सहा वेळा झालं. मार्तंडराव खुलत गेले. त्यांनी दुर्गाबाईंना पोहे करायला सांगितले.

"फक्त एक कोडं सुटत नाही," भार्गवी म्हणाली. "रात्रीच्या ओहोटीला काहीच होत नाही. फक्त दिवसाच्या."

"असतं एकेकाचं," मार्तंडराव मोठेपणाने म्हणाले.

"पौर्णिमेला आणि अमावास्येला मात्र दोनदा. उधाणामुळे समुद्राचा जोर वाढतो, त्यामुळे असावं. सकाळी आणि संध्याकाळी."

"मीसुद्धा त्या दिवशी दोनदाच..." मार्तंडराव म्हणाले आणि थांबले. पोह्यांचा घास हातात तसाच राहिला.

"आणि गेल्या महिन्यात एका दिवशी शुकशुकाट. चौथ होती बहुतेक. चंद्र उशिरा उगवतो त्याचा काही संबंध असेल का?"

मार्तंडरावांनी ताटली खाली ठेवली. "त्या पट्ट्या," त्यांनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कुठल्या भिंतीला लावल्यात म्हणालीस?"

"मागच्या, आतल्या बाजूने. तुमच्या केळींच्या पलीकडे आहे ना, तीच. तडा तिथेच आहे."

ती गेल्यावर ते बराच वेळ झोपाळ्यावर न हलता बसून राहिले. दुर्गाबाई ताटली उचलायला आल्या आणि नवऱ्याचं तोंड बघून खाली बसल्या. मार्तंडरावांनी सगळं सांगितलं. दुर्गाबाई आधी हसल्या, मग पदर तोंडाला लावून हसल्या, मग डोळे पुसून म्हणाल्या, "म्हणजे मनुबाई म्हणत होती ते खरं! म्हणे कुण्या सायबाला बाहेरचं काहीतरी लागलंय, केळीत शिरून भिंतीशी झुंजतो. मी म्हटलं, पाहुण्यांपैकी कुणी असेल."

"आता काय करू?"

"करायचंय काय? आत्ता जा आणि त्या मुलीला सांगा. पोर उद्या मोठ्या सभेत जाऊन हे वाचेल आणि तोंडघशी पडेल. आपलं घरही समुद्रातून बाहेर येईल."

"आणि गावाला काय सांगू? की शत्रूच्या भिंतीआड लपून व्यायाम करत होतो?"

हा खरा पेच होता. गप्प राहावं तर घर समुद्रात जातं. बोलावं तर अब्रू जाते. मार्तंडरावांनी अब्रूच्या बाजूने कौल दिला आणि भिंतीकडे जाणं त्या क्षणापासून बंद करायचं ठरवलं. आपोआप बाण थांबतील, समुद्र मागे सरकला म्हणतील, परवानगी मिळेल, कुणालाच काही कळणार नाही. बेत चांगला होता. पण बाण थांबले नाहीत.

मनुबाईने खबर आणली. "पच्चिमेचा बान थांबला, पर आता उगवतीकडना येतोय! बाय सांगतान, समुद्रानं इतकं दिस हात लावला, आता घर त्याला उत्तर देतंय. दत्तूभाऊंच्या डोल्यात पानी आला."

घर उत्तर देतंय! मार्तंडराव सबंध दुपार येरझाऱ्या घालत राहिले. ढकललं कुणी? त्यांनी. खांदा कुणाचा दुखला? त्यांचा. अष्टमीच्या उन्हात घाम कुणी गाळला? आणि उत्तर मात्र दत्त्याचं घर समुद्राला देतं! इथे नाव समुद्राचं, घर दत्त्याचं, डोळ्यांतलं पाणी दत्त्याचं, आणि मोघे कुठेच नाहीत. अब्रूची काळजी होती ती या विचारासरशी पार वाहून गेली. माणसाला लाज गप्प बसवते हे खरं, पण मत्सर तिच्यावर चढून बोलतो.

तरी ते बोलले नसते. पण रविवारी राईलकरांच्या ओटीवर सत्कार ठेवला गेला. सरपंच, साहेब, पेपरवाला, शारिक, अर्धं गाव. मनुबाईकडून निरोप आला, "दत्तूभाऊ सांगतान, त्यांना सांग, आलात तर बरं वाटंल." हा निरोप मार्तंडरावांना डिवचण्यासाठी आहे की खरा, हे ठरवता न आल्यामुळे ते गेले आणि शेवटच्या खुर्चीवर बसले.

माजघरातला मोठा पडदा ओटीवर आणून लावला होता. दत्तात्रेय धुवट सदरा घालून मध्यभागी बसले होते. सरपंचांनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि म्हणाले, "नागावच्या समुद्राने ज्यांच्या घराचा हात हातात घेतला, असे आपले दत्तूभाऊ!"

टाळ्या पडल्या. पेपरवाल्याने फोटो काढला. दत्तात्रेय हात जोडून म्हणाले, "माझी काही लायकी नाही. पण समुद्राने मला निवडलं."

"समुद्राने नाही!" शेवटच्या रांगेतून आवाज आला. सगळ्यांनी मागे बघितलं. मार्तंडराव उभे होते, आणि आपण उभे आहोत हे त्यांनाही नुकतंच कळलं होतं. "समुद्राने नाही. मी निवडलं. तो दाब माझा आहे. मी रोज येऊन ती भिंत ढकलत होतो."

ओटीवर हशा उसळला.

"जळावं म्हणजे किती जळावं माणसाने!" कुणीतरी म्हणालं.

"आज समुद्र मीच म्हणतायत. नाव मार्तंड आहे, उद्या म्हणतील सूर्यही मीच."

"चाचा, बसा, पाणी प्या," शारिक काळजीने म्हणाला.

इतक्या वर्षांच्या जळण्याचं हे फळ होतं. खरं बोलायला उभे राहिले तर तेही कुणाला खरं वाटेना. साहेब तेवढे फाईल घट्ट धरून सावरून बसले. भार्गवी मात्र हसत नव्हती. ती त्यांच्याकडे टक लावून बघत होती, आणि तिच्या ओठांची हालचाल होत होती. बहुधा ती पौर्णिमा, अमावास्या, संकष्टी असं काहीतरी पुटपुटत होती.

"काका," ती म्हणाली, "आत्ता ओहोटी नाही. आत्ता भरती आहे. ढकलून दाखवा."

मार्तंडराव ओटी उतरले, घराला वळसा घालून केळीत शिरले. मनुबाई मागोमाग आली आणि घराच्या कोपऱ्यावर अशी उभी राहिली की तिला इकडे भिंत आणि तिकडे पडदा दोन्ही दिसत होते. मार्तंडरावांनी भिंतीला तळहात लावले. रेटलं, सोडलं. रेटलं, सोडलं.

ओटीवरचा हशा विझला.

"आला!" मनुबाई ओरडली. "बान आला! आपल्याकडनाच!"

नंतर भार्गवीचा आवाज भिंतीच्या बाजूने आला. तो रडवेला असेल असं मार्तंडरावांना वाटलं होतं, पण तो चक्क आनंदाचा होता. "अहो, हे तर त्याहून भारी आहे! एवढ्या जाड भिंतीतून एका माणसाचे दोन तळहात वेगवेगळे कळतायत. डावा जास्त, उजवा कमी. आणि हे बघा, सुरुवातीला उजवा किती हलका होता, आता जवळपास सारखा झालाय. काका, तुमचा खांदा सुधारतोय!"

"म्हणजे समुद्र मोघ्यांच्या घरात नाही?" हा साहेबांचा आवाज.

"नाही. मोघेच इकडे येत होते."

"मग फाईल मोकळी," साहेब म्हणाले, आणि त्यांनी लगेच भजी मागितली असावी, कारण बशीचा आवाज आला.

"पण एक राहिलंच," भार्गवी म्हणाली. "आतून येणारा तो दुसरा बाण. घराचं उत्तर. तो कुणाचा?"

मग दत्तात्रेयांच्या बायकोचा बारीक आवाज आला. "ते आमचे हे. समुद्राची वेळ झाली की खोलीत जाऊन दार लावून घेतात आणि भिंतीला हात लावून उभे राहतात. म्हणतात, तो एवढा येतो, आपण हात पुढे करायला नको का? परवा तो यायचा थांबला, तेव्हा दोन दिवस जेवले नाहीत हो. मग रेटतच बसायचे, परत यावा म्हणून."

मार्तंडराव केळीत एकटेच उभे होते. हात भिंतीवरच होते. त्यांना खूप राग यायला हवा होता, हसू यायला हवं होतं, विजय वाटायला हवा होता. त्यातलं काहीच धड येईना. दत्त्या दोन दिवस जेवला नाही, एवढंच मनात राहिलं. तेही समुद्र म्हणून, मार्तंड म्हणून नव्हे. म्हणजे इथेही समुद्रच पुढे. या विचाराने त्यांना जुनी, ओळखीची कळ आली आणि जरा हुशारी वाटली.

पलीकडे खुर्ची सरकली. दार उघडल्याचा आवाज झाला, जड पावलं आतल्या खोलीत आली. भिंतीच्या अगदी पलीकडून आवाज आला. मनुबाईच्या तोंडून न आलेला, सरळ.

"मार्तंडा, तूच का रे गाढवा?"

"मीच," मार्तंडराव म्हणाले. घसा खाकरून पुन्हा म्हणाले, "मीच आहे दत्त्या."

"शालीसकट फोटो निघाला माझा. आता काय छापणार तो पेपरवाला?"

"छापू दे की. भिंत तर तुझीच आहे."

मग दत्तात्रेय म्हणाले, "ढकल बघू. मी इकडून ढकलतो. बघू तरी तुझ्यात किती दम आहे."

दोघांनी रेटलं. ओटीवरून एकदम गलका झाला. बाण समोरासमोर आले होते. शारिक एकाचं नाव घेऊन ओरडत होता, सरपंच दुसऱ्याचं, आणि "काका हळू, तडा आहे!" असं भार्गवी जीव तोडून सांगत होती.

"मनुबाई!" मार्तंडराव दात आवळून म्हणाले. "कुणाचा मोठा?"

मनुबाईने पडद्याकडे नीट बघितलं. "त्यांचा. तुमचा जरासा ल्हान हाय, सायेब."

घर समुद्रातून परत आलं होतं, पाटीवरचं गोणपाट उद्या निघणार होतं, खांदा बरा होत होता, आणि किती वर्षांनी दत्त्या सरळ बोलला होता. पण त्याचा बाण मोठा होता. मार्तंडरावांनी चपला काढल्या, पाय मातीत रोवले आणि पुन्हा रेटलं. भिंतीपलीकडून दत्तात्रेयांचं खिदळणं ऐकू आलं, तसं त्यांच्याही पोटातून हसू वर यायला लागलं. त्यांनी ते कसंबसं गिळलं, कारण हसलं की जोर जातो.